स्पीड टेस्टमधला तो बारीक अक्षरातला आकडा

नवीन ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं की आपण सगळे एकच करतो, दोन-तीन कंपन्यांचे प्लॅन शेजारी शेजारी ठेवतो आणि ज्याचा एमबीपीएसचा आकडा मोठा तो भारी असं धरून चालतो. तो आकडा खोटा असतो असं नाही, पण नेट वापरताना फास्ट वाटेल की नाही हे त्यावरून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं लेटन्सीवर असतं आणि ती जाहिरातीत मोठ्या अक्षरात क्वचितच दिसते.

आधी एक किरकोळ गोष्ट उरकून टाकू. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, मेगाबाइट नाही. ८ बिटचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड होताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटच दिसणार, खरं तर त्याहून थोडं कमीच. कस्टमर केअरशी भांडायच्या आधी हा भागाकार करून बघा, बरेच वाद तिथेच मिटतात.

आता लेटन्सी. तुमच्याकडून एक छोटं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, निघालं, सर्व्हरपर्यंत गेलं आणि त्याचं उत्तर परत आलं, याला लागलेला वेळ. मिलिसेकंदात मोजतात. मोजायचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे पिंग, माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, जो आजही जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर असतो. हा वेळ कितीही पैसे मोजले तरी शून्यावर येत नाही, कारण फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरच जातो, म्हणजे सर्व्हर १००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद नुसते काचेतच गेले, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. सॅटेलाइटवालं नेट घ्यायचं असेल तर हे जास्तच बघावं लागतं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, सिग्नल वर-खाली, वर-खाली करेपर्यंत जवळपास ४८० मिलिसेकंद संपले, मग प्लॅन किती का मोठा असेना. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात म्हणून तिथे हा प्रॉब्लेम बराच कमी होतो.

बरं, अर्ध्या सेकंदाने असं काय बिघडतं? एखादी वेबसाइट उघडताना काय होतं ते बघा. आधी साइटचा पत्ता विचारायला एक फेरी, मग सर्व्हरशी कनेक्शन जोडायला एक फेरी, मग एन्क्रिप्शन ठरवायला एक, मग पेज मागायला एक. पहिला बाइट हातात पडायच्या आधीच चार फेऱ्या झाल्या. लेटन्सी २० मिलिसेकंद असेल तर ८० मध्ये काम झालं, १५० असेल तर ६०० गेले. आणि पुढेही सर्व्हर एकदम सगळं पाठवत नाही, लाइन किती झेपते ते त्याला माहीत नसतं, म्हणून सहसा १० पॅकेटपासून सुरुवात करतो, ती पोचली की २०, मग ४०, ८०, १६०. पाच फेऱ्यांत मिळून सुमारे ४५० किलोबाइट येतात. म्हणजे लेटन्सी १०० मिलिसेकंद असेल तर एवढ्याशा डेटाला साधारण अर्धा सेकंद लागणारच, प्लॅन १०० एमबीपीएसचा असो नाहीतर १०००चा! गूगलच्या माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये हेच मोजून दाखवलं होतं, स्पीड ५ वरून १० एमबीपीएस केला तर पेज उघडायच्या वेळेत जेमतेम ५ टक्के फरक पडला, पण लेटन्सी जसजशी कमी केली तसतसा वेळ सरळ कमी होत गेला. मोठी फाइल किंवा पिक्चर उतरवताना मात्र स्पीडच कामाला येतो, तिथे लेटन्सीचं फारसं काही चालत नाही.

पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. रिकाम्या लाइनवर पिंग १२ मिलिसेकंद दाखवतो म्हणून खूश होऊ नका. एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. १२, १३, १२ असं चाललेलं एकदम १८०, ३५०, ६०० होताना दिसलं तर समजा की मधल्या कुठल्यातरी डब्यात, बहुतेक वेळा तुमच्याच राऊटरमध्ये किंवा मोडेममध्ये, पॅकेटांची रांग लागलीय. हिशोब सोपा आहे. अपलोड १० एमबीपीएस आणि डब्यातला बफर, म्हणजे ही रांग थांबते ती जागा, १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट, असेल तर तो रिकामा व्हायलाच ०.८ सेकंद लागतात आणि तुमच्या कॉलमधला आवाज त्या रांगेत शेवटी उभा असतो. आवाजाच्या कॉलसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगतो, इथे तो केव्हाच ओलांडला. जिम गेटीस या इंजिनिअरने २०१० च्या सुमारास हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं आणि त्याला बफरब्लोट म्हणायला लागले. घरात एकजण बॅकअप टाकतोय आणि दुसऱ्याचा गेम लॅग मारतोय, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि शिव्या मात्र स्पीडला बसतात.

त्यामुळे दोन कंपन्या ताडून बघायच्या असतील तर नुसत्या टेस्टच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. वायफाय बाजूला ठेवून केबल लावून मोजा, नाहीतर तुम्ही कंपनीऐवजी भिंतच मोजाल (वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न घुसणारी चॅनल तीनच मिळतात, तिथे आजूबाजूचे सगळे राऊटर भांडत असतात). टेस्टचा सर्व्हर सहसा जवळचा निवडला जातो, बऱ्याचदा कंपनीच्याच नेटवर्कमधला, शिवाय टेस्ट एकदम अनेक कनेक्शन उघडते, म्हणून आकडा देखणा येतो. तुम्ही रोज जो गेम खेळता किंवा ऑफिसचा जो सर्व्हर वापरता त्यालाच पिंग करा. फास्ट डॉट कॉम या स्पीड टेस्टच्या साइटवर जास्त माहिती उघडली की रिकाम्या आणि भरलेल्या लाइनची लेटन्सी वेगवेगळी दिसते, तिथे दुसरा आकडा बघायचा. आणि हे सगळं रात्री, सगळे ऑनलाइन असताना. फायबरसुद्धा एकट्याचं नसतं, घरोघरी फायबर द्यायच्या जीपॉन पद्धतीत साधारण २.५ गिगाबिटची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते.

भरल्या लाइनवर पिंग उडत असेल तर कंपनी बदलायच्या आधी राऊटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल असा, ही रांग आटोक्यात ठेवणारा ऑप्शन मिळतो का बघा. यातला मूळ कोडेल कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला, रांग फार वेळ तुंबली की तो थोडी पॅकेट मुद्दाम टाकून देतो, मग पाठवणारा आपोआप हळू होतो. त्या सेटिंगमध्ये स्पीडची लिमिट खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायची, थोडा स्पीड जातो पण कॉल तुटत नाहीत. मात्र केबल लावलेली, घरात कुणी काही डाउनलोड करत नाहीये आणि तरीही रोज रात्री नऊला पिंग चढतोच, तर ती रांग कंपनीकडे आहे, तिथे तुमचं कुठलंच सेटिंग चालणार नाही, दुसरी कंपनी बघा.