पोडिस्मा पेडेस्ट्रिस: एक स्पीशीज की दोन, हा वाद आला कुठून

सिंहगडावर आखूड पंखांचा नाकतोडा दिसला की आपल्याकडचा हमखास शेरा, "पिल्लू आहे, पंख यायचेत अजून". युरोपातल्या डोंगरांवरचा पोडिस्मा पेडेस्ट्रिस बघूनही तसंच वाटेल, पण तो पूर्ण वाढलेला असतो, लांब पंखांचा एखादाच निघतो, बाकी सगळी पायी जनता. नाव १७५८ सालचं. पिरेनीजपासून सायबेरियापर्यंत सापडतो.

खरी गंमत १९७० च्या दशकातली. दक्षिण फ्रान्सच्या आल्प्समध्ये नरांचे क्रोमोसोम मोजले तर कुठे २३, कुठे २२. २३वाल्यांत लिंग ठरवणाऱ्या क्रोमोसोमांपैकी एकच एक्स, वाय नाहीच, जे नाकतोड्यांत नॉर्मल आहे. २२वाल्यांत एक्स दुसऱ्या एका क्रोमोसोमला चिकटलेला आणि त्या दुसऱ्याचा सुटा उरलेला जोडीदार आता वाय म्हणून वावरतो. दिसायला दोघंही सारखेच.

हिमयुगानंतर बर्फ हटला, दोघं दोन बाजूंनी चढत आले आणि वर भेटले, हे बहुतेकांना मान्य. दोघांची सरमिसळ होते तो मिश्र पट्टा जेमतेम ८०० मीटर रुंद. उडता येत नाही म्हणून अरुंद असेल, असं पटकन वाटतं, पण हजारो वर्षांत पायी पायी का होईना तो बराच पसरायला हवा होता, म्हणजे मिश्र संततीला काहीतरी नडतंय.

मग दोन स्पीशीज करून टाका की! इथेच सगळं अडलं. १९८१ मध्ये संकराचे निकाल छापून आले, मिश्र पिल्लांत मर जास्त होती खरी, पण ती त्या चिकटलेल्या एक्समुळे नाही, जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएत, विखुरलेल्या बऱ्याच जीन्समुळे. म्हणजे ज्या क्रोमोसोमवरून भांडण सुरू झालं तो निव्वळ खुणेचा दगड निघाला. शिवाय पट्ट्यातल्या मिश्र नाकतोड्यांना पुढे पिल्लंही होतात. त्यामुळे दोन रेस (एकाच स्पीशीजमधले दोन गट), स्पीशीज एकच, असं ठरलं आणि मला तरी ते पटतं, नुसते आकडे मोजून नावं पाडत बसलो तर कठीण आहे.

२००८ मध्ये असा नवा वाय एकदा उगवला की पसरत कसा जातो याचं गणित मांडलं गेलं, म्हणजे विषय परत क्रोमोसोमवरच.

डीएनए बारकोड करा, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून स्पीशीज ओळखा, निकाल लागेल, असं म्हणणारे आहेतच. पण याचा जीनोम अवाढव्य आणि मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएच्या कितीतरी जुन्या नकला न्यूक्लियसमध्ये घुसून बसलेल्या, हे २००० च्या सुमारासच दिसलं होतं. बारकोडसाठी नेमका तोच डीएनए वाचतात, त्यामुळे खरी प्रत सोडून एखादी नक्कलच हाती लागायची.