फोर्ट लॅरमीचा तह (१८६८)

अमेरिकेचे संघराज्य आणि लकोटांसह सू लोकांच्या विविध शाखा व अरापाहो या मूलनिवासी राष्ट्रांच्यात झालेला तह. फोर्ट लॅरमी हे ठाणे आजच्या वायोमिंग राज्यात आहे. वसाहतकारांनी मूलनिवासींना जमीन ‘दिली’ असे अशा तहांबद्दल सर्रास लिहिले जाते. इथे ते साफ चुकीचे ठरते.

मोंटानातील सोन्याच्या खाणींकडे जाणारा बोझमन मार्ग लकोटांच्या शिकारीच्या मुलखातून जात होता. त्याच्या रक्षणासाठी लष्कराने किल्ले उभारले, तेव्हा लकोटा प्रमुख रेड क्लाउड यांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला. डिसेंबर १८६६ मध्ये अमेरिकी लष्करातील कॅप्टन फेटरमनची ८१ जणांची तुकडी पूर्ण कापली गेली. अखेर सरकार वाटाघाटींना तयार झाले. इतर प्रमुखांनी एप्रिल १८६८ पासून सह्या केल्या, पण किल्ले रिकामे होईपर्यंत रेड क्लाउड यांनी सही केली नाही. ती नोव्हेंबरमध्ये झाली.

तहाने मिसुरी नदीच्या पश्चिमेचा, आजच्या दक्षिण डकोटातील विस्तीर्ण मुलूख लकोटांसाठी राखला. ब्लॅक हिल्स हे त्यांचे पवित्र डोंगर त्यातच येत होते. सर्वांत मोलाचे कलम बारावे: तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय यातील जमिनीचा कोणताही हिस्सा सोडून देता येणार नव्हता. म्हणजे जमिनीबाबतचा निर्णय त्या समाजाचाच, हे अमेरिकेने लेखी मान्य केले होते. शिवाय अमेरिकेच्या संविधानानुसार तह हा देशाचा सर्वोच्च कायदा असतो.

१८७१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) मूलनिवासी राष्ट्रांशी नवे तह करणे बंद केले. जुने मात्र कायम राहिले. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची बातमी आणली आणि खाणवाल्यांची रीघ लागली. १८७६ च्या लकोटांबरोबरच्या युद्धानंतर ‘डोंगर सोडा, नाहीतर शिधा बंद’ अशी अट घातली गेली. उपाशी माणसांवर दबाव आणूनही जेमतेम दहा टक्के सह्या मिळाल्या. तरीही १८७७ च्या कायद्याने डोंगर काढून घेतले गेले.

१९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा निकाल उचलून धरला: १ कोटी ७१ लाख डॉलर आणि १८७७ पासूनचे व्याज. लकोटांनी ती रक्कम आजवर स्वीकारलेली नाही. व्याजासह ती १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यांच्यातली गरिबी पाहता हा नकार किती जड असेल! पण पैसे घेणे म्हणजे डोंगर विकल्याची कबुली देणे, अशी त्यांची भूमिका आहे. डोंगरांतील सरकारी जमीन परत करण्याचे विधेयक सिनेटर बिल ब्रॅडली यांनी १९८५ मध्ये मांडले होते. ते मंजूर झाले नाही.