जुन्या खुर्चीच्या गादीला नवी खोळ शिवताना

जुनी सागवानी खुर्ची सहसा लाकडाने थकत नाही. तिच्या गादीची खोळ आधी विटते, शिवणी उसवतात आणि भक्कम खुर्ची केवळ तेवढ्यासाठी माळ्यावर जाते, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. आपण नवी खोळ घरी शिवणार असाल किंवा आमच्याकडून शिवून घेणार असाल, तरी कापड खरेदी करण्यापूर्वी ही माहिती वाचावी, अशी विनंती आहे.

माप जुन्या खोळीवरून घेऊ नये, कारण वर्षानुवर्षांच्या वापराने ती ताणलेली असते. माप बैठकीचेच घ्यावे. जुन्या खुर्च्यांची बैठक बहुधा पुढे रुंद आणि मागे किंचित अरुंद असते, शिवाय हातांचे खांब कोपऱ्यांत आत आलेले असतात. त्यामुळे केवळ लांबी-रुंदी टिपून भागत नाही. वर्तमानपत्राचा कागद बैठकीवर पसरावा, कडांवरून बोटाने दाबत घडी उमटवावी, खांबांच्या खाचा कापाव्यात आणि त्यावर ‘पुढे’ व ‘मागे’ असे ठळक लिहावे. एकसारख्या दिसणाऱ्या जोडीतल्या दोन खुर्च्याही पुष्कळदा अर्ध्या इंचाने वेगळ्या निघतात, म्हणून प्रत्येकीचा कागद वेगळा असावा.

त्याच वेळी फोम अंगठ्याने दाबून पाहावा. खळगा भरून येत नसेल किंवा पिवळा भुगा पडत असेल, तर त्यावर नवी खोळ चढवणे म्हणजे कापड वाया घालवणे होय. रोजच्या बैठकीसाठी आम्ही 40 डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला सुमारे 40 किलो भरणारा) फोम सुचवतो आणि तो तयार खोळीपेक्षा सर्व बाजूंनी पाव इंच मोठा कापतो, म्हणजे खोळीला सुरकुत्या पडत नाहीत.

सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 इतके आटू शकते. 20 इंचांच्या गादीत हा फरक एक इंचापर्यंत जातो आणि धुतलेली खोळ पुन्हा चढत नाही. म्हणून कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून आणि इस्त्री करूनच बेतावे. घाईत ही पायरी गाळू नये.

20 इंच चौरस आणि 3 इंच जाड गादीसाठी वरचा व खालचा तुकडा प्रत्येकी 21 इंच चौरस कापावा आणि बाजूची पट्टी 4 इंच रुंद ठेवावी. वाढीव इंच दोन्हीकडच्या अर्ध्या-अर्ध्या इंच शिवणीसाठी आहे. 54 इंच पन्ह्याचे साधे कापड असल्यास पायपिंगसह (शिवणीत बसवलेल्या दोरीच्या गोटासह) एका गादीला 1 मीटर पुरते, मात्र मोठी नक्षी मधोमध आणायची असल्यास अधिक लागते. चेन मागच्या बाजूस लावावी आणि ती दोन्ही कोपऱ्यांवरून 3-3 इंच पुढे वळवावी. ती केवळ मागच्या बाजूपुरती ठेवली, तर फोम दुमडून कोंबावा लागतो आणि पहिल्या काही धुण्यांतच चेनीची टोके उसवतात. सोलापुरी चादरीसारख्या जाड विणीला 18 नंबरची सुई, तर साध्या पडद्याच्या कापडाला 16 नंबरची सुई वापरावी.

अनेक ग्राहक आजीचे इरकल लुगडे किंवा खण घेऊन येतात. असे कापड बैठकीऐवजी पाठीच्या उशीला वापरावे, असे आमचे मत आहे, कारण बैठकीवरचे घर्षण त्याला फार काळ सोसत नाही. आतून मांजरपाटाचे अस्तर अवश्य द्यावे. खणाचा पन्हा लहान असल्याने जोड टाळता येत नाही. तो काठाच्या रेघेवर घेतला तर नजरेत येत नाही.

दुकानात येताना कागदाचा नमुना आणि शक्य असल्यास जुनी गादी सोबत आणावी. पावसाळ्यात शिवून नेलेली खोळ फोम पूर्ण कोरडा असल्याची खात्री करूनच चढवावी, अन्यथा आत बुरशी धरते.