खताच्या गोणीवरचा ‘के’ आणि सात जुने धातू

मृग नक्षत्र तोंडावर आले की परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या कृषी सेवा केंद्रांत १०:२६:२६ या मिश्रखताची चौकशी सुरू होते. एन, पी आणि के ही अक्षरे आपला शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश अशी सहज वाचतो. एन नायट्रोजनचा आणि पी फॉस्फरसचा, हे उघड आहे, मग पालाश म्हणजे पोटॅशियमला के कसा मिळाला? पी हे अक्षर आधीच फॉस्फरसकडे गेले होते, हे उत्तर पुरेसे नाही, कारण तेवढीच अडचण असती तर ‘पीओ’ लिहून भागले असते. आज पीओ हे चिन्ह ज्याचे आहे, त्या पोलोनियमचा शोध तेव्हा लागलाही नव्हता.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळवलेल्या पोटॅशमधून वीजप्रवाह नेऊन हा धातू प्रथमच वेगळा केला आणि पोटॅशवरून त्याला पोटॅशियम म्हटले. पोटॅश म्हणजे लाकडाच्या राखेतून निघणारा क्षार. जर्मन भाषक रसायनशास्त्रज्ञांनी मात्र राखेतील क्षारासाठीच्या ‘अल्-कली’ या अरबी शब्दावरून ‘कॅलियम’ हे नाव पसंत केले आणि त्याच्या ‘Kalium’ या लेखनातील पहिले अक्षर के हे चिन्ह झाले. लगेच पाठोपाठ सापडलेल्या सोडियमचेही तसेच झाले: इजिप्तच्या कोरड्या सरोवरांतील नॅट्रॉन या क्षारावरून त्याचे ‘नॅट्रियम’ झाले आणि चिन्ह एनए ठरले. जालना जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाण्यातील लोणार सरोवराचे पाणी ज्या सोडियम कार्बोनेटमुळे क्षारीय झाले आहे, तोच नॅट्रॉनचाही मुख्य घटक आहे.

ही नावे पक्की झाली ती स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्यामुळे. त्याआधी इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टन प्रत्येक मूलद्रव्यासाठी खुणा केलेले वर्तुळ काढत असत, आणि ती वर्तुळे छापणे कटकटीचे होते. बर्झेलियस यांनी १८१३-१४ मध्ये साधी अक्षरे सुचवली. लॅटिन नावाचे पहिले अक्षर घ्यावे आणि दोन नावे एकाच अक्षराने सुरू होत असतील तर नावातील आणखी एक अक्षर जोडावे, एवढाच त्यांचा मूळ नियम होता. लॅटिन ही तेव्हा युरोपातील विद्वानांची सामाईक भाषा होती, त्यामुळे कोणत्याही एका देशाचे नाव दुसऱ्यावर लादले जात नव्हते.

इंग्रजी नावाशी न जुळणारी चिन्हे एकूण अकरा आहेत. त्यांतील सात चिन्हे सोने (एयू), चांदी (एजी), तांबे (सीयू), लोखंड (एफई), शिसे (पीबी), कथील (एसएन) आणि पारा (एचजी) यांची आहेत. रसायनशास्त्राचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस हे सात धातू वापरत होता. म्हणून रोमन लोकांकडे त्यांची स्वतःची नावे होती आणि मराठीतही ती आहेत. पाठांतराने कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना हे सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते: ज्या धातूला आपल्या घरात जुने नाव आहे, त्याचे चिन्ह बहुधा लॅटिन नावावरून आलेले असते. तांब्याचे ‘क्युप्रम’ हे नाव सायप्रस बेटावरून पडले. शिशाच्या ‘प्लंबम’वरून रोमन जलनळांचे काम करणाऱ्याला मिळालेले नाव आजच्या प्लंबरपर्यंत आले आहे. पाऱ्याचे ‘हायड्रार्जिरम’ मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ पाण्यासारखी चांदी असा होतो. पोटॅशियम आणि सोडियम वर आलेच; अँटिमनी (एसबी) आणि टंगस्टन (डब्ल्यू) ही उरलेली दोन. त्यांपैकी डब्ल्यू तर लॅटिनही नाही, तो जर्मन ‘वोल्फ्राम’चा आहे.

हा ठोकताळा जिथे चुकतो, ते उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. जस्त हे नाव मराठीत जुने आहे, तरी त्याचे चिन्ह झेडएन, म्हणजे झिंकचेच. याचे कारण भट्टीत आहे. जस्ताचे खनिज कोळशाबरोबर तापवल्यावर धातू सुटतो खरा, पण तो ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने वाफ होऊन निघून जातो आणि हवेत पुन्हा त्याचे ऑक्साइड होते. रोमन कारागिरांनी तांबे आणि जस्ताचे खनिज एकत्र तापवून पितळ केले, पण जस्त हा निराळा धातू म्हणून ओळखला नाही, म्हणून प्राचीन लॅटिनमध्ये त्याला नावच नव्हते. राजस्थानातील झावर येथे मात्र बंद मुशींतून ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती युरोपच्या शेकडो वर्षे आधी वापरात होती. जर्मनीत मार्ग्राफ यांनी खनिजापासून जस्त वेगळे करून दाखवले ते १७४६ मध्ये. उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरची बिदरी भांडी मुख्यतः जस्ताचीच असतात, त्यात थोडे तांबे मिसळलेले असते आणि काळ्या केलेल्या पृष्ठभागावर चांदीची तार ठोकून बसवलेली असते.