जेफ जोन्स आणि सायमन जोन्स: ग्लॅमॉर्गनचे बापलेक

आय. जे. जोन्स आणि एस. पी. जोन्स. दोघे वेल्सचे, दोघे ग्लॅमॉर्गनचे वेगवान गोलंदाज, आणि दोघेही आपली शेवटची कसोटी खेळले तेव्हा २६ वर्षांचे होते. जुने धावफलक चाळताना एकाचे पराक्रम दुसऱ्याच्या नावावर जातात, ते यामुळेच. पहिले जेफ, म्हणजे वडील. दुसरा सायमन, त्यांचा मुलगा. वेल्सला स्वतःचा कसोटी संघ नाही आणि प्रथम श्रेणीचा कौंटी (म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या प्रांतांचा) संघही ग्लॅमॉर्गन हा एकच. त्यामुळे दोघांची वाट सारखीच होती: आधी ग्लॅमॉर्गन, मग इंग्लंड.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे हात. जेफ डावखुरे, सायमन उजव्या हाताचा. जेफ यांचं कसोटी पदार्पण आपल्या मुंबईत झालं, जानेवारी १९६४ मध्ये ब्रेबॉर्नवर. आजारपणाने इंग्लंडचा संघ इतका पोखरला होता की धडधाकट खेळाडू मिळणंच मुश्कील झालं होतं. सायमनचं पदार्पणही भारताविरुद्धच, पण २००२ साली लॉर्ड्सवर, आणि तिथे त्याने ४४ धावाही फटकावल्या.

आकडे पाहिले तर मुलगा सरस दिसतो. जेफ: १५ कसोटी, ४४ बळी, सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितक्या चांगल्या) ४०.२०. सायमन: १८ कसोटी, ५९ बळी, सरासरी २८.२३. पण सरासरी पाहून जेफना बाजूला सारणं मला पटत नाही. १९६६ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने ५१६ धावा कुटल्या. सिम्पसन आणि लॉरी यांनी सलामीलाच २४४ जोडल्या होत्या. त्या डावात जेफनी ११८ धावांत ६ बळी घेतले. अशा दिवशीही धावून येत राहणारा गोलंदाज सरासरीत दिसत नाही.

आणि गंमत अशी की त्यांची सर्वांत मोठी कामगिरी फलंदाजीतली आहे. १९६८, जॉर्जटाऊन, वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतली शेवटची कसोटी. इंग्लंडचे नऊ गडी बाद, शेवटचं षटक लान्स गिब्सचं आणि समोर अकराव्या क्रमांकाचे जेफ, ज्यांना बॅट कशी धरायची एवढंच माहीत, असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी सहाही चेंडू खेळून काढले. धाव एकही नाही, पण सामना वाचला आणि इंग्लंडने मालिका १-० ने जिंकली. ती त्यांची अखेरची कसोटी. त्याच वर्षी कोपर गेलं. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, ग्लॅमॉर्गनने एकही सामना न हरता कौंटी विजेतेपद मिळवलं, तेव्हा जेफ त्या संघात नव्हते. हे वाचताना आजही वाईट वाटतं.

सायमनची दुखापत अनेकांनी टीव्हीवर पाहिली. नोव्हेंबर २००२, ब्रिस्बेन, ॲशेस म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा पहिलाच दिवस. चेंडू अडवायला घसरला आणि उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तो परतला २००४ मध्ये. २००५ च्या ॲशेसमध्ये त्याचा रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट्या दिशेने वळवण्याची कला) ऑस्ट्रेलियाला शेवटपर्यंत उमगला नाही: २१ च्या सरासरीने १८ बळी, ओल्ड ट्रॅफर्डवर ५३ धावांत ६. तिथेच मायकेल क्लार्कने सोडलेला चेंडू आत वळून यष्टीवर आदळला. ट्रेंट ब्रिजवर ४४ धावांत ५ बळी घेतले आणि त्याच सामन्यात घोटा दुखावला. त्यानंतर कसोटी नाही.

२००५ च्या धावफलकात यष्टिरक्षक म्हणून दिसणारा गेरंट जोन्स मात्र यांच्या नात्यातला नव्हे. त्याचे आईवडील वेल्सचे, जन्म पापुआ न्यू गिनीचा आणि कौंटी केंट.

सायमन पुढे वूस्टरशायर आणि हॅम्पशायरकडून खेळून पुन्हा ग्लॅमॉर्गनला परतला आणि २०१३ मध्ये लॉर्ड्सवर एकदिवसीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळून थांबला. जेफ यांच्या कोपराने त्यांना कौंटीतही पुढे खेळू दिलं नाही.