ड्युअल रेट की एक्स्पो? आरसी गाडी नागमोडी पळते तेव्हा नेमकं काय बदलायचं

आरसी (रिमोट कंट्रोल) गाड्यांच्या रेसिंगमध्ये नव्याने आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: "गाडी फार चपळ आहे, स्ट्रेटवर नागमोडी पळते." शेजारचा सांगतो, "रेट कमी कर." रेट कमी केला की गाडी शांत होते, आणि पहिल्याच हेअरपिनला (अगदी तीव्र वळणाला) वळण न पुरल्यामुळे ट्रॅकच्या कडेच्या बोर्डवर आदळते. मीही सुरुवातीला हेच करत होतो. खरं तर तिथे एक्स्पो हवा असतो.

ड्युअल रेट म्हणजे पुढची चाकं जास्तीत जास्त किती वळतील याची मर्यादा. एक्स्पो त्या मर्यादेला हात लावत नाही. रिमोटचं व्हील मध्यापासून जरासं फिरवल्यावर चाकांनी किती दाद द्यायची, एवढंच तो ठरवतो.

गोंधळ कुठे होतो ते आकड्यांत दिसतं. रेट 100 आणि एक्स्पो शून्य असेल, तर अर्ध्या व्हीलला चाकं 50 टक्के वळतात. रेट 70 केला की अर्ध्या व्हीलला 35 आणि पूर्ण व्हीलला 70 टक्के. आता रेट परत 100 करा आणि एक्स्पो मऊ बाजूला (म्हणजे मध्याजवळ चाकं कमी वळतील असा) 40 ठेवा. अर्ध्या व्हीलला पुन्हा साधारण 35 टक्केच मिळतील (कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे), पण पूर्ण व्हीलला 100! स्ट्रेटवर दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो हेअरपिनलाच.

एक्स्पो फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. वरच्या उदाहरणात उरलेलं 65 टक्के वळण व्हीलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कोंबलेलं आहे. तिथे गाडी एकदम आत घुसते. म्हणून मी 10-15 पासून सुरू करायला सांगतो. आणि एक सावधगिरी: मऊ बाजू काही रिमोटवर प्लस असते, काहींवर मायनस. चुकीच्या बाजूला गेलात तर गाडी आणखीच बिथरेल. व्हील हळूच फिरवून चाकांकडे बघा, लगेच कळतं.

मग रेट कमी करायचा कधी? पूर्ण वळणात पुढचे टायर घासत जाऊन गाडीचा वेग पडत असेल तेव्हा. किंवा कार्पेटवर ग्रिप वाढत जाऊन गाडी वळणात उलटायला लागली तेव्हा. एका वेळी दोन-तीन टक्के पुरतात.

दोन्हींच्या आधी मात्र ईपीए (डावीकडे आणि उजवीकडे चाकं कुठवर वळतील ती टोकं वेगवेगळी ठरवणारं सेटिंग) लावून घ्या, तेही रेट 100 आणि एक्स्पो शून्यावर ठेवून. गाडी स्टँडवर ठेवा, व्हील पूर्ण फिरवून धरा. सर्वो (चाकं वळवणारी मोटर) गुणगुणत राहिला, तर चाकं अडली आहेत आणि तो उगाच जोर लावतोय. आवाज थांबेपर्यंत ईपीए कमी करा. मग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळणावर सावकाश गोल चालवा. दोन्ही गोल सारखे यायला हवेत.

गाडी फक्त तुमच्याकडे तोंड करून येतानाच चुकत असेल, तर यातलं काहीच बदलू नका. तिथे तिची उजवी बाजू तुमच्या डावीकडे असते आणि हात फसतो. मोकळ्या जागेत दोन बाटल्या ठेवा आणि बॅटरी संपेपर्यंत त्यांच्याभोवती सावकाश इंग्रजी आठचा आकडा काढत राहा.