कोबेची लुमिनारिए : एका वर्षापुरती म्हणून लावलेली रोषणाई

हिवाळ्यात जपानला जाणारे बरेच जण ओसाकाला मुक्काम करतात, तिथून कोबे ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे जानेवारीअखेर कुणी तिकडे असेल तर हमखास सल्ला मिळतो की लुमिनारिए बघून या, लाइटिंग भारी असतं. भारी असतंच, वाद नाही. पण हे ख्रिसमसचं डेकोरेशन किंवा विंटर फेस्टिवल समजून लोक सेल्फी काढून परत येतात ते मला जरा खटकतं, कारण ही मुळात भूकंपात गेलेल्यांच्या आठवणीची रोषणाई, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

17 जानेवारी 1995, मंगळवार, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. आदल्या दिवशी सुट्टी होती, लाँग वीकेंड संपवून लोक झोपलेले. कोबेजवळच्या आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ भूकंपाचं केंद्र, जपानी मोजणीप्रमाणे 7.3 मॅग्निट्यूड, आणि जोरदार हादरे जेमतेम वीसेक सेकंदांचे. त्या वीस सेकंदांत, आणि नंतरच्या आगींत, आणि त्याही नंतर छावण्यांमधल्या थंडीने आणि हालअपेष्टांनी मिळून 6,434 माणसं गेली. खांबांवरून जाणाऱ्या हान्शिन एक्सप्रेसवेचा 635 मीटरचा तुकडा आख्खाच्या आख्खा आडवा झाला, तो फोटो तेव्हा जगभर छापून आला होता. पण सर्वात जास्त माणसं पुलाखाली नाही, स्वतःच्या घरात गेली. युद्धानंतर बांधलेली जुनी लाकडी घरं, वर जड कौलं, वादळात उडू नयेत म्हणून जड, आणि भूकंपात तीच अंगावर आली. कोबेच्या नागाता भागात चपलांचे छोटे छोटे कारखाने, अरुंद गल्ल्या, पाण्याच्या लाइनी फुटलेल्या, तिथे आगी लागल्या त्या विझवायला पाणीच नव्हतं.

आपल्याकडे किल्लारी त्याच्या सव्वा वर्षच आधी झालेलं, 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. तिथेही झोपेतच, तिथेही जड माळवद आणि दगडी भिंती. आणि दोन्हीकडे लोकांचा समज एकच की आमच्या भागात मोठा भूकंप होत नाही. टोकियोवाले कायम भूकंपाच्या तयारीत, कोबेवाले निवांत.

त्या वर्षी कोबेत आणि आजूबाजूला 48 हजारांहून जास्त तात्पुरती प्रीफॅब घरं उभी राहिली. म्हाताऱ्या लोकांना त्यात आधी जागा दिली, हेतू चांगला होता, पण लॉटरीने घरं मिळाल्यामुळे जुनं शेजारपाजार तुटलं आणि एकटी माणसं खोलीत मरून पडलेली नंतर कळायला लागली. गावातली दुकानं अर्धी बंद, टुरिस्ट नाहीत, आणि डिसेंबर आला. अशा वेळी ही रोषणाई आली.

इटलीच्या सरकारने दिव्यांची मदत दिली, वालेरिओ फेस्ती हा इटालियन कलाकार आणि जपानी निर्माता हिरोकाझु इमाओका यांनी मिळून डिझाइन केलं. दक्षिण इटलीत गावच्या संताच्या उत्सवाला रस्त्यावर लाकडी चौकटींच्या कमानी उभारून दिवे लावतात, ती मुळात जत्रेची कला, ती इथे श्रद्धांजलीसाठी वापरली. लाकडाच्या पांढऱ्या चौकटी, त्यावर रंगीत बल्ब, आणि एकामागे एक कमानी लावल्या की रस्त्याचा बोगदाच होतो, त्याला गॅलेरिया म्हणतात. शेवटी बागेत गोल भिंतीसारखी रचना, ती स्पालिएरा. पहिल्या वर्षाची थीम होती ‘स्वप्न आणि प्रकाश’. 15 ते 25 डिसेंबर, अकरा दिवस, आणि 25 लाखांवर लोक आले.

ठरलं होतं एकदाच करायचं. पण लोकांनी आणि व्यापाऱ्यांनीही मागणी केली की पुढच्या वर्षी पण पाहिजे, आणि मग ते चालूच राहिलं.

जागाही मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गॅलेरिया लागायची ती जुन्या परदेशी वसाहतीत, 1868 ला बंदर उघडल्यावर परदेशी व्यापाऱ्यांना दिलेला हा आखीव भाग. (मुंबईशी नातं इथूनच, 1893 मध्ये कापसासाठी जपानी कंपनीने टाटांच्या साथीने मुंबई-कोबे बोटसेवा सुरू केली.) त्यातली पंधरा नंबरची इमारत, 1880 च्या आसपासची, भूकंपात पार कोसळली आणि मिळेल ते जुनं सामान वापरून 1998 मध्ये परत उभी केली, चालता चालता दिसते, बघा.

2004 मध्ये 53 लाखांवर माणसं आली आणि तिथून खरी ओढाताण सुरू झाली. फुकट कार्यक्रम, एवढी गर्दी सांभाळायला गार्ड, बॅरिकेड, सगळा खर्च, आणि स्पॉन्सर दरवर्षी आटत गेलेले. मग माणशी 100 येन द्या असं आवाहन सुरू केलं, आपले साठेक रुपये, पण गर्दीच्या मानाने डब्यात फार पडत नसत. दिवस कमी करावे लागले. दुसरीकडे काहींची तक्रार होती की हे आता डेट स्पॉट झालंय, डिसेंबरात कपल्स येतात, भूकंप कुणाच्या लक्षात आहे. तक्रारीत तथ्य होतं असं मला वाटतं, ज्यांचं कुणी गेलं त्यांना ख्रिसमसच्या मूडमधली गर्दी बघून काय वाटत असेल.

कोविडमुळे 2020 ते 2022 नेहमीची लुमिनारिए झालीच नाही. परत आली ती 2024 मध्ये, आणि डिसेंबरऐवजी जानेवारीत, 19 ते 28. कारण सांगितलं ते गर्दी विभागण्याचं, पण त्यामुळे ती आपोआप भूकंपाच्या तारखेला येऊन चिकटली, हे उत्तमच झालं. आता बंदराकाठच्या मेरिकेन पार्कमध्ये तिकीट लावून एक भाग केलाय, आधी काढलं तर 500 येन होतं त्या वर्षी. श्रद्धांजलीला तिकीट कसलं असं काही जण म्हणतात, मला मात्र पटतं, डब्यावर किती वर्षं चालणार. शिवाय त्याच पार्कात भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा 60 मीटर भाग तसाच ठेवलाय, वाकडे झालेले दिव्याचे खांब पाण्यात कललेले, तिकीटवाले दिवे बघायला जाल तेव्हा तिकडेही दहा मिनिटं जा.

आणि जमलंच तर 17 तारखेची पहाट गाठा. हिगाशी युएन्ची बागेत कापलेल्या बांबूत पाणी भरून मेणबत्त्या तरंगत ठेवतात, 1.17 (म्हणजे 17 जानेवारी) असा आकार करतात आणि 5:46 ला सगळे स्तब्ध उभे राहतात. तो कार्यक्रम वेगळा, लुमिनारिए वेगळी, दोन्हीच्या तारखा एक नसतात. लुमिनारिएच्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, 2025 ला ती 24 जानेवारीला सुरू झाली, त्यामुळे आधी तारखा बघा आणि मगच हॉटेल बुक करा.